खांद्यावरचा हात

वकिलाचा अर्धा जन्म कागद पाहण्यात जातो. कागद खरा की बनावट, शाई त्या काळची की मागाहून लावलेली, कडा कुणी कातरली आहे काय, सही करणाराचा हात थरथरला आहे काय, हे सारे तो दुसऱ्यांच्या कागदांवर मोठ्या चिकाटीने पाहतो. आणि संध्याकाळी घरी येऊन ज्या भिंतीखाली बसून चहा घेतो, त्या भिंतीवरच्या तसबिरीकडे त्याने वीस वीस वर्षे नीट पाहिलेले नसते. निदान माझे तरी तसे झाले.

आमचे घर बेळगावचे. सरकारी कागदावर २०१४ पासून त्याला बेळगावी म्हणावे लागते. घरात अजून बेळगावच. कुलदैवत मात्र गोव्यातले, कवळ्याची श्रीशांतादुर्गा. घरात कोकणी, शाळेत मराठी, बाजारात कानडी आणि कोर्टात इंग्रजी, अशी आमची चतुर्भाषी गृहस्थी. या घराच्या ओटीवर मी कळू लागल्यापासून एक छायाचित्र टांगलेले होते. मध्ये खुर्चीवर काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घातलेले आजोबा, हातात एक जाड पुस्तक. शेजारच्या खुर्चीवर आजी, मांडीवर धाकटी आत्या. मागे आजोबांचा भाऊ आणि दोन वेण्या पुढे घेतलेली त्यांची लहान बहीण. पुढे दोन मुलगे, त्यांतला अगदी उजव्या टोकाला उभा असलेला पाच वर्षांचा मुलगा म्हणजे माझे वडील. एकूण माणसे सात.

वडिलांच्या डाव्या खांद्यावर एक हात आहे. चार बोटे स्पष्ट दिसतात, अंगठा पाठीमागे गेलेला, आणि मनगटापाशी चित्र संपते. लहानपणी मी विचारले होते, तेव्हा वडील म्हणाले होते, ‘तो स्टुडिओवाल्याचा. मी फार हलत होतो म्हणून त्याने धरून ठेवले.’ उत्तर पटण्याजोगे होते. पटले, आणि चाळीस वर्षे प्रश्न मिटला. फोटो काढणारा मनुष्य कॅमेऱ्यामागे असतो, मुलाच्या पाठीमागे नसतो, ही साधी शंका उलटतपासणीत हयात घालवणाऱ्या मला कधी आली नाही.

गेल्या वर्षी माघातल्या जत्रेला कवळ्यास जायचे ठरले, तेव्हा फोंड्याच्या आत्यांनी निरोप धाडला की घरातले जुने फोटो असतील तेवढे घेऊन या. या आत्या म्हणजे आजोबांच्या चुलतभावाची कन्या. वय चौऱ्याऐंशी, स्मरण लख्ख. त्यांच्या पिढीची माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, तोवर चेहरे ओळखून घ्यावेत, असा त्यांचा हेतू. वडिलांचे गुडघे चोरल्याच्या घाटाला तयार नव्हते, म्हणून ते घरीच राहिले. मी अल्बम घेतला, कपाटातला सुटा गठ्ठा घेतला, आणि शेवटच्या क्षणी भिंतीवरची ती तसबीरही उतरवून चादरीत गुंडाळली.

अग्रशाळेच्या एका खोलीत दुपारच्या प्रसादानंतर चटया पसरून ती बैठक झाली. बेळगावचे आम्ही, मडगावचे एक कुटुंब, मुंबईची दोन माणसे, वडोदऱ्याहून आलेले एक निवृत्त अभियंते आणि आम्हा सर्वांची मुले. प्रत्येकाने आपापले फोटो काढून मध्ये मांडले. पाहता पाहता एक गंमत ध्यानात आली. फोटो चार गावांतले होते, पण पाठीमागचा पडदा जणू एकच. तोच रंगवलेला संगमरवरी जिना, तेच धुक्यातले तळे, तीच प्लॅस्टरची कठड्याची खांबुटी, तीच उंच तिपाई आणि तिच्यावर कागदी फुलांची फुलदाणी. जन्मात ज्यांनी अंगणातल्या तुळशीखेरीज झाड लावले नाही, ती माणसे परदेशी उद्यानात गंभीर मुद्रेने उभी. स्टुडिओत कोट भाड्याने मिळे, टाय मिळे, पदवीदानाचा झगाही मिळे. आरसा, फणी आणि पावडरचा डबा तर दाराशीच असे. मडगावच्यांच्या एका फोटोत दोन मित्र खांद्याला खांदा लावून उभे होते. पहिल्याने डावे मनगट पुढे धरले होते, कारण त्यावर घड्याळ होते. दुसऱ्या फोटोत तेच दोघे, तोच पडदा, आणि घड्याळ दुसऱ्याच्या मनगटावर!

आजच्या मुलांना या गांभीर्याचे हसू येते. माझी मुलगीच म्हणाली, ‘बाबा, हे सगळे रागावलेत का?’ रागावलेले नव्हते; श्वास रोखून बसलेले होते. त्या कॅमेऱ्याची लाकडी पेटी तिवईवर बसवलेली, मागे काळे कापड. छायाचित्रकार कापडात डोके घालून उलटी दिसणारी माणसे नीट बसवी, मग काच घातलेली चपटी पेटी मागे सरकवी, बाहेर येऊन भिंगाजवळ उभा राही आणि ‘हलू नका’ म्हणून भिंगाचे झाकण काढी किंवा रबरी फुगा दाबी. प्रकाश छपराच्या काचेतून पांढऱ्या पडद्याआडून येणारा असला तर अर्धा सेकंद, कधी पुरता एक सेकंदही लागे. तेवढ्या वेळात हसू टिकत नाही, टिकवले तर तोंड वाकडे होते. म्हणून मोठी माणसे हसत नसत, आणि लहान मुले हलत. पुढे ती काच धुऊन वाळली की मालक टोकदार शिसपेन्सिलीने तिच्यावर काम करी. देवीचे व्रण बुजवी, गालफडे भरून काढी, आजोबांच्या वयातली चार-पाच वर्षे कमी करी. रंगीत हवा असेल तर कापसाच्या बोळ्याने पातळ रंग चढे, आणि दागिन्यांवर पिवळ्याचा एकेक ठिपका. ज्या घरात दागिने मोडले गेले होते, त्या घराच्या फोटोत ते कुंचल्याने परत घडवल्याची उदाहरणे त्या बैठकीतच दोन निघाली. मला हे खोटेपण वाटले नाही. आपण कसे दिसतो याची नोंद नव्हे, आपण कसे दिसावे याची ती नोंद होती, आणि अशी नोंद करायला माणसे अंघोळ करून, नवे कपडे घालून, पैसे मोजून जात.

आमची तसबीर आत्यांच्या हाती गेली तेव्हा त्यांनी ती मांडीवर घेतली, चष्मा काढला आणि काचेशी नाक नेऊन बराच वेळ पाहिले. मग वडिलांच्या खांद्यावर बोट ठेवून शांतपणे म्हणाल्या, ‘हो हात बायेचो.’

मी म्हणालो, ‘आत्या, तो स्टुडिओवाल्याचा हात आहे. आमचे बाबा सांगतात.’

‘तुझ्या बाबाला कुणी तसे सांगितले असेल. आख्खा फोटो माझ्या घरी पेटीत आहे. उद्या ये.’

दुसऱ्या दिवशी फोंड्यास त्यांच्या घरी गेलो. पत्र्याची लहानशी ट्रंक, आत एक चंदनी माळ, एक घडीचे कापड आणि वर्तमानपत्रात बांधलेला पुठ्ठा. आमचाच फोटो. तेच सात चेहरे, आणि उजव्या टोकाला, आमच्या प्रतीत जेथे चौकट संपते त्यापलीकडे, बोटभर जागेत उभी असलेली आठवी व्यक्ती: केशवपन केलेली, डोक्यावरून आलवणाचा पदर घट्ट ओढून घेतलेली, पन्नाशीची एक बाई. तिचा हात वडिलांच्या खांद्यावर. वडिलांचा चेहरा किंचित पुसट झाला आहे, कारण ते हललेच. पण खांदा अगदी स्पष्ट आला आहे. त्या हाताखाली तो हलला नव्हता.

आजोबांना एक थोरली बहीण होती आणि ती गोव्यात वारली, एवढे एक वाक्य आमच्या घरात होते. ते वाक्य मी कित्येकदा ऐकले होते. त्याला चेहरा असेल असे कधी वाटले नव्हते.

पुठ्ठ्याच्या पाठीवर आजोबांच्या अक्षरात ओळींनी नावे आणि नाती लिहिलेली होती. खाली मिती: वैशाख शुद्ध तृतीया, शके १८७७. म्हणजे १९५५ ची अक्षय्यतृतीया. शेवटची ओळ होती: ‘सर्वांत उजवीकडे ताई.’ आमच्या तसबिरीच्या पाठीवरही ओळी होत्या, पण प्रत्येक ओळीचा आरंभच तुटका. मी समजत असे, वाळवीने किंवा ओलीने खाल्ल्या. वास्तविक पुढून उजवी कड कापली की मागून डावी कड जाते, आणि प्रत्येक ओळीचे पहिले शब्द तिच्याबरोबर जातात. हे मला कुणी न्यायालयात दाखवले असते तर एका मिनिटात उमगले असते. शिवाय पुठ्ठ्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात स्टुडिओचे नाव उठावाच्या अक्षरांत होते. आमच्या प्रतीत त्या नावाची पहिली तीनच अक्षरे शिल्लक होती. कोणताही स्टुडिओवाला स्वतःचे नाव कापून गिऱ्हाइकाला फोटो देत नाही. काम घरात झाले होते.

त्या चित्रात आणखी एक गोष्ट दिसली. पन्नाशीच्या दशकात सर्व रंग ओळखणाऱ्या फिल्म मिळू लागल्या होत्या, तरी कितीतरी स्टुडिओ जुन्या तऱ्हेच्या काचेवरच काम करीत. तिला तांबडा रंग दिसत नाही, म्हणून ती तांबड्या दिव्यात डोळ्यांदेखत धुता येते; सोय मोठी. त्यामुळे आजीचे कुंकू त्या फोटोत काळे आले आहे, आणि ताईचे आलवणही काळे आले आहे. सौभाग्याचे तांबडे आणि वैधव्याचे तांबडे, यांतला फरक त्या काचेला कळला नव्हता.

आत्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. ताईंना गोव्याकडची माणसे बाय म्हणत. त्या विशीच्या आतच विधवा झाल्या आणि भावाच्या घरी आल्या. येथे माझ्यातला वकील मध्ये बोलतो, त्याला क्षमा करावी. हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत मर्यादित का होईना हिस्सा देणारा कायदा १९३७ साली आला, आणि तो त्यानंतर मरण पावलेल्यांच्या मिळकतीलाच लागू होता. ताईंचे पती त्याच्या पुष्कळ आधी गेले. कायद्याने त्यांना उरले होते अन्नवस्त्र. १९५६ च्या वारसा कायद्याने स्त्रियांचे पुष्कळ भले केले, पण मागचे दरवाजे त्यानेही उघडले नाहीत. अशा स्थितीत त्यांनी तीसेक वर्षे बेळगावच्या घरात काढली, आजोबांची मुले न्हाऊ-माखू घातली, आणि पन्नाशी उलटल्यावर म्हणाल्या, आता उरलेले दिवस देवीच्या पायाशी काढते. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे गाडीने त्या गोव्यास उतरल्या, अग्रशाळेत राहिल्या. दसऱ्याला येऊन मुलांना भेटून जाईन, असे सांगून निघाल्या होत्या.

तो दसरा त्यांना बेळगावात दिसला नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, वीसांहून अधिक माणसे पडली. त्यानंतर सरहद्द बंद झाली, रेल्वे थांबली. गोव्यात माहेर किंवा कुलदैवत असलेल्या बेळगावच्या, कारवारच्या, मुंबईच्या किती घरांना ती सहा वर्षे कशी गेली, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगावयास नको. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी त्या काळचे अडकलेले लग्न, चुकलेली जत्रा, न पोचलेला निरोप असेल. ताई पुढे आत्यांच्या घरी राहावयास आल्या आणि १९५९ च्या पावसाळ्यात वारल्या. निरोप बेळगावास फार उशिरा पोचला. १९ डिसेंबर १९६१ नंतर वाट मोकळी झाली, तेव्हा आजोबा पहिल्या जत्रेला आले. आत्या तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या. त्यांना स्पष्ट आठवते. आजोबांनी ट्रंक उघडली, फोटो हातात घेतला, पुष्कळ वेळाने परत वर्तमानपत्रात गुंडाळला आणि म्हणाले, ‘राहू दे इथेच.’

बेळगावास परतल्यावर मी आजोबांच्या हिशेबाच्या वह्या काढल्या. त्या काळच्या माणसाचे हृदय कोठे सापडलेच तर जमाखर्चात सापडते. वैशाख शुद्ध तृतीयेस खर्ची पडलेले होते: फोटो, प्रती २, रुपये ७ आणे ८, पुढे बारीक अक्षरात, ‘एक घरी, एक ताईबरोबर.’ चार दिवसांनी ताईंचे तिकीट. म्हणजे तो फोटो ताई जाणार म्हणूनच काढलेला होता! सारे कुटुंब नवे कपडे घालून स्टुडिओत गेले ते तिच्यासाठी. आणि विधवेला फोटोत घेऊ नये म्हणणारे कुणी असेलच, त्याचे त्या दिवशी चालले नाही. मग शके १८७९ च्या मार्गशीर्षात, १९५७ अखेर, दुसरी नोंद: चौकट व काच, रुपये ४ नये पैसे २५. आण्यांचे नवे पैसे झाले होते, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले होते, आणि घरात आजोबांच्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरत होते. पाहायला येणारी माणसे ओटीवर बसणार. समोरच्या भिंतीवर काय दिसावे आणि काय दिसू नये, याचा विचार झाला असला पाहिजे. लग्न त्याच माघात पार पडले. ताई तेव्हा जिवंत होत्या. घाटाखाली, बंद सरहद्दीपलीकडे, त्याच फोटोची पुरी प्रत पेटीत घेऊन.

कात्री कुणी चालवली? आरोपी तिघे: आजोबा, आजी, आणि चौकट करणारा सुतार. सुताराला मी निर्दोष सोडतो. आजीवर संशय घेण्याचा मोह सोपा आहे. घरोघरी असली पापे बायकांच्या नावावर लिहिण्याचा रिवाज आहे. पण चौकटीचे पैसे आजोबांनी दिले, मागच्या ओळी त्यांच्याच हातच्या, आणि १९६२ साली पुरा फोटो हातात आला असताना तो परत ठेवणारेही तेच. माझा कल त्यांच्याकडे आहे. त्यांनीच तिला स्टुडिओत नेले आणि त्यांनीच कापले, हे दोन्ही एका माणसाच्या हातून होऊ शकते, हे वकिलीत इतकी वर्षे काढल्यावर मला अवघड वाटत नाही. पण एक धाकटी बहीण उजवावयाची होती हे खरे असले, तरी लग्नानंतर चौकट बदलता आली असती; तीही कुणी बदलली नाही. त्या दोषात पुढच्या चाळीस वर्षांचा वाटेकरी मीही आहे.

आमच्या कायद्यात एक तरतूद आहे, तिच्याकडे मी आजवर परीक्षेपुरते पाहिले होते. मृत माणसांचे नाते सिद्ध करावयाचे असेल तर वंशावळीत, समाधीवर किंवा कौटुंबिक चित्रावर लिहिलेला मजकूर पुरावा म्हणून घेता येतो. अट एवढीच की तो वाद उपस्थित होण्यापूर्वीचा असावा. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम ३२ होते; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २६ मध्ये आले आहे. इंग्रज कायदेपंडितांनाही ठाऊक होते की घराण्याची खरी हकीकत पुष्कळदा फोटोच्या पाठीवर असते. आमच्या घरच्या वंशावळीत पुरुषांचीच नावे आहेत. ताईंची नोंद असलेला लेखी पुरावा म्हणजे त्या पुठ्ठ्याच्या पाठीवरची एक ओळ, आणि हिशेबाच्या दोन.

मुलीने फोंड्यास मोबाईलवर घेतलेले चित्र घरी आल्यावर वडिलांना दाखवायचे की नाही, यावर माझे आणि पत्नीचे एक रात्रभर बोलणे झाले. पंचाहत्तरीच्या माणसाला कशाला, असे माझे म्हणणे. ती म्हणाली, ‘फोटो त्यांचा आहे, तुमचा नव्हे.’

सकाळी दाखवले. वडिलांनी चष्मा लावला, चित्र दोन बोटांनी मोठे केले, आधी स्वतःचा चेहरा पाहिला, मग हळूहळू उजवीकडे सरकवत गेले. तेथे थांबले. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘हिच्या हाताला तमालपत्राचा वास यायचा.’ मग पुन्हा, ‘मला वास आठवत होता. कुणाचा ते आठवत नव्हते. आईचा म्हणावा तर तिचा तसा नव्हता.’ आणखी काही बोलले नाहीत. मोबाईल परत देण्याऐवजी उशाशी ठेवून दिला.

दुपारी मला हाक मारून म्हणाले, ‘अरे, याची मोठी प्रत काढून आण. कापू नको.’

काढून आणली. जुनी चौकट अपुरी पडली, नवी करावी लागली. टांगण्यापूर्वी मी पाठीवर मऊ पेन्सिलीने नावे लिहावयास बसलो. शाई कालांतराने पुढे उमटते, म्हणून पेन्सिल. वडील एकेक नाव सांगत गेले, मी लिहीत गेलो. आठव्या नावापाशी ते थांबले. त्यांना ‘ताई’ एवढेच ठाऊक. मी फोंड्यास फोन लावला. आत्या पलीकडून बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘आम्ही बाय म्हणायचो रे. नाव कुणी घेतच नसे.’ त्यांनी मडगावच्या एका म्हाताऱ्या नातेवाइकांना विचारण्याचे कबूल केले आहे.

तूर्त मी ‘ताई’ लिहिले आहे, आणि पुढे नावापुरती जागा सोडली आहे.